उन्हाळ्याला पुरून उरलेला मलिक अंबर

चैत्र सरतो आणि मराठवाड्यातील ऊन आपला खरा रंग दाखवू लागते. डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडते, काळ्या रानाला भेगा पडतात, दुपारी रस्ते ओस पडतात. छत्रपती संभाजीनगरात मे महिन्याचा पारा ४० अंशांच्या आसपास रेंगाळतो. पावसाचे वार्षिक प्रमाण सरासरी सातशे मिलिमीटरच्या घरात आणि तोही प्रामुख्याने चार महिन्यांत पडून जाणारा. उरलेले आठ महिने माणसाने, जनावराने आणि झाडाने काढायचे कसे, हा या भूमीचा जुना प्रश्न आहे. चारशे वर्षांपूर्वी या प्रश्नाला एका माणसाने आपल्या परीने उत्तर दिले. तो या मातीत जन्मला नव्हता. गुलाम म्हणून विकला जात, समुद्र ओलांडून तो दख्खनमध्ये आला होता. खडकी नावाच्या लहानशा गावाचे राजधानीच्या शहरात रूपांतर करणारा आणि त्या शहरात भर उन्हाळ्यात पाणी खेळवणारा हा माणूस म्हणजे निजामशाहीचा वजीर मलिक अंबर.

इतिहासाच्या पुस्तकांत मलिक अंबर भेटतो तो प्रामुख्याने गनिमी काव्याचा जाणता सेनापती म्हणून. मोगल सम्राट जहांगीरला दोन दशके झुंजवणारा योद्धा ही त्याची ओळख सार्थच आहे. मात्र त्याच्या आयुष्याकडे पाणी, गवत आणि ऋतू यांच्या बाजूने पाहिले, तर एक वेगळाच अंबर समोर येतो. दख्खनचा उन्हाळा शत्रूवर कसा उलटवायचा आणि आपल्या माणसांना त्यातून कसे वाचवायचे, या दोन्ही गोष्टी त्याला ठाऊक होत्या.

हिरवळीचे मोल

कोरड्या प्रदेशात हिरवळ राखणे किती जिकिरीचे असते, हे क्रिकेटचे मैदान किंवा गोल्फचा कोर्स सांभाळणाऱ्या माळ्याला चांगले ठाऊक असते. गोल्फमध्ये खळग्याभोवतीची जी गुळगुळीत हिरवळ असते, तिला ग्रीन म्हणतात. तिथले गवत अवघ्या तीन-चार मिलिमीटर उंचीवर कापावे लागते. पाते जितके आखूड, तितकी अन्न तयार करण्याची त्याची शक्ती कमी आणि मुळेही तितकीच उथळ. जमीन तापली की ही उथळ मुळे आधी कोमेजतात. पान वाफेवाटे पाणी सोडून स्वतःला थंड ठेवू पाहते; परंतु मुळांकडून पाण्याचा पुरवठा कमी पडला की गवत निळसर-करडे दिसू लागते, त्यावर उमटलेली पावले पुसली जात नाहीत आणि पाहता पाहता तो भाग करपतो. पाणी खारट वा जड असेल तर उन्हाने पाणी उडून जाते, क्षार मात्र मुळाशी साचत जातात. पाणी जास्त झाले आणि निचरा नीट नसला तर मुळे गुदमरून कुजतात. म्हणूनच युरोपातील थंड हवेचे नाजूक गवत आपल्या मैदानी मुलखात उन्हाळा काढू शकत नाही. येथे हरळीच्या कुळातील गवतच टिकाव धरते. गणपतीला वाहिली जाणारी दूर्वा ती हीच. तिलाही पहाटे भरपूर पाणी आणि दुपारी हलका शिडकावा द्यावाच लागतो.

याचा हिशेब मांडला की डोळे विस्फारतात. अठरा खळग्यांच्या कोर्सवरील सर्व ग्रीन मिळून साधारण एक हेक्टर क्षेत्र भरते. रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तर केवळ एवढ्या तुकड्याला दिवसाला पन्नास हजार लिटर पाणी लागते. म्हणजे दहा हजार लिटरचे पाच टँकर. बंगल्यापुढची हिरवळ, शाळेचे मैदान, उद्यानातील लॉन यांचे गणितही याच जातीचे. पंप, टँकर आणि वीज असलेल्या आजच्या काळात जर ही स्थिती, तर यांपैकी काहीच नसताना शहरातल्या बागा, हौद आणि कारंजी वैशाखात जिवंत ठेवणारी व्यवस्था कोणत्या बुद्धीने उभी राहिली असेल?

हबशाचे पोर

मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू असल्याचे सांगितले जाते. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती पडला. तांबड्या समुद्राकाठच्या मोखा बंदरातून तो बगदादला गेला. तेथे मीर कासीम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला विकत घेतले. या मुलाची हुशारी त्याच्या नजरेतून सुटली नाही. त्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले, इस्लामची दीक्षा दिली आणि अंबर हे नाव दिले. ज्या बगदादच्या परिसरात अंबर वाढला, तो कालव्यांचा मुलूख होता. शेजारच्या इराणात तर जमिनीखालून पाणी वाहून नेणाऱ्या भुयारी वाटांची परंपरा फार जुनी. हे सारे त्याने किती पाहिले आणि त्यातले किती मनात साठवले, याची नोंद कुठे नाही. पाण्याचे मोल मात्र त्याला लहानपणापासून माहीत असणार.

१५७० च्या दशकाच्या आरंभी अंबर दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेझखान याने त्याला विकत घेतले. चंगेझखान स्वतःही एके काळी गुलामच होता. दख्खनच्या सुलतानशाह्यांत हबशी गुलामांना शस्त्रविद्या आणि राज्यकारभार शिकवण्याची प्रथा होती. धनी मेल्यानंतर त्यांपैकी अनेक जण मुक्त होऊन सरदारकीपर्यंत पोहोचत. अंबरच्या वाट्याला नेमके हेच आले. चंगेझखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला दास्यातून मुक्त केले. पुढची सुमारे वीस वर्षे तो विजापूरच्या चाकरीत होता. तेथेच त्याच्या नावाआधी मलिक ही उपाधी लागली. १५९५ च्या सुमारास तो अहमदनगरला परतला तेव्हा त्याच्या हाताखाली जेमतेम दीडशे घोडेस्वार होते आणि वय पन्नाशीकडे झुकलेले होते. सामान्य माणूस ज्या वयात विसाव्याचा विचार करतो, त्या वयात अंबरच्या कर्तृत्वाला खरी सुरुवात झाली.

बुडत्या राज्याचा आधार

१६०० मध्ये चांदबिबीचा खून झाला आणि अहमदनगरचा किल्ला अकबराच्या सैन्याने जिंकला. निजामशाही संपली, अशीच मोगलांची समजूत झाली. मात्र राजधानी पडली तरी मुलूख पडला नव्हता. अंबरने निजामशाही घराण्यातील एका तरुणाला शोधून परांड्याच्या किल्ल्यात गादीवर बसवले. हा दुसरा मुर्तजा निजामशाह. त्याला आपली मुलगी देऊन अंबरने राजघराण्याशी नाते जोडले. राज्याचा कारभार आता त्याच्या हाती आला. दीडशे स्वारांचे सैन्य काही वर्षांत हजारोंच्या घरात गेले.

वाट सोपी नव्हती. १६०२ च्या सुमारास नांदेडजवळ मोगलांशी झालेल्या लढाईत तो जखमी झाला. राजू दखनी नावाचा प्रतिस्पर्धी सरदार निजामशाहीचा अर्धा मुलूख धरून बसला होता. त्याला नमवण्यात काही वर्षे गेली. परांड्याहून जुन्नर आणि पुढे दौलताबाद असा राजधानीचा प्रवास झाला. दरबारातही सारे आलबेल नव्हते. राजाच्या थोरल्या राणीने अंबरच्या मुलीचा अपमान केल्याचे निमित्त झाले आणि १६१० मध्ये मुर्तजा व ती राणी विषप्रयोगात संपले. यामागे अंबरचाच हात होता, असे इतिहासकार मानतात. गादीवर मुर्तजाचा लहानगा मुलगा बसला. अंबरच्या चरित्रातील हे काळे पान दडवण्यात अर्थ नाही. तो कर्ता होता, तितकाच निष्ठुरही होता.

गवताचे युद्ध

मोगलांचे सैन्य प्रचंड होते. पण त्याचे बळ जशी घोडदळ, तोफा आणि बाजारबुणगे, तशीच त्याची अडचणही तीच होती. घोड्याला रोज गवत लागते, दाणा लागतो, पाणी लागते. उत्तरेतील नद्यांच्या सुपीक खोऱ्यांत हे सारे वाटेत मिळे. दख्खनच्या पठारावर दसऱ्यानंतर गवत वाळू लागते आणि होळीनंतर ते मिळणेही दुरापास्त होते. पावसाळ्यात गवत उगवते, मात्र काळ्या मातीचा असा चिखल होतो की तोफेचे चाक हलत नाही. अंबरने शत्रूची ही नस अचूक ओळखली.

समोरासमोर लढाई टाळायची, हलक्या घोडेस्वारांच्या टोळ्यांनी शत्रूच्या तळाभोवती घिरट्या घालायच्या, रसद आणि वैरण घेऊन येणारे तांडे लुटायचे, गवताच्या गंजी पेटवायच्या आणि शत्रू हैराण होऊन मागे फिरला की त्याचा पाठलाग करायचा, ही त्याची रीत होती. या कामी मराठा स्वार, ज्यांना बारगीर म्हणत, त्याला सर्वाधिक उपयोगी पडले. तट्टावर खोगीर टाकून, थोडा भाकरतुकडा बांधून दिवसचे दिवस दौड करणाऱ्या या स्वारांना डोंगरातील प्रत्येक पाणवठा माहीत होता. १६१० मध्ये मोगलांचा सेनापती अब्दुर्रहीम खानखानान पावसाळ्यातच बऱ्हाणपुराहून बालाघाटात उतरला आणि याच सापळ्यात सापडला. वैरण संपली, घोडी मेली, धान्याचा भाव गगनाला भिडला आणि मानहानीकारक माघार घेण्याची पाळी आली. त्याच सुमारास अहमदनगरचा किल्लाही निजामशाहीकडे परत आला. पुढच्याच वर्षी गुजरातेतून चालून आलेल्या अब्दुल्लाखानाची हीच गत झाली.

जहांगीरला हा पराभव फार झोंबला. आपल्या आठवणींत त्याने अंबरचा उल्लेख नेहमीच शिवीगाळ करून केला. अंबरच्या छाटलेल्या मस्तकावर बाण सोडणाऱ्या बादशहाचे चित्र त्याचा चित्रकार अबुल हसन याने रंगवले. प्रत्यक्षात ते मस्तक बादशहाच्या हाती कधीच लागले नाही.

खडकीचे शहर

दौलताबादच्या किल्ल्यापासून काही कोसांवर, डोंगरांच्या कुशीत खडकी नावाचे गाव होते. नावावरूनच भूमीची जात कळावी. खाली काळा खडक, वर मातीचा पातळ थर. १६१० मध्ये अंबरने येथे शहर वसवायला घेतले. मोगलांवरील विजयाचे स्मारक म्हणून १६१२ मध्ये भडकल दरवाजा उभा राहिला. जामा मशिदीची मुहूर्तमेढ झाली, नौखंडा महाल झाला. सरदारांनी आपापले पुरे वसवले. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी अशा मराठा सरदारांवरून पडली, असे परंपरा सांगते. हबशी, दखनी, मराठे आणि अरब अशी संमिश्र वस्ती या शहरात नांदू लागली.

शहर वसले, पण पाण्याचे काय? खाम नदी उन्हाळ्यात आटे. विहिरींचा खडक फोडता फोडता माणसे थकत आणि वैशाखात त्यांचा तळ दिसे. तळे बांधावे तर उन्हाने पाणी उडून जाणार. मराठवाड्यात मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानेच रोज दहा मिलिमीटरहून अधिक घटते. यावर अंबरने काढलेला तोडगा म्हणजे नहर-ए-अंबरी. पाणी उन्हापासून वाचवायचे असेल तर ते उन्हात आणायचेच नाही, इतके साधे त्याचे तत्त्व होते.

शहराच्या उत्तरेला हर्सूल आणि सावंगीच्या बाजूला डोंगर आहेत. त्यांवर पडलेला पाऊस सारा वाहून जात नाही. वरच्या झिजलेल्या, मुरमाड थरात तो मुरतो आणि खालच्या अभेद्य काळ्या पाषाणावर अडून राहतो. हे मुरलेले पाणी भुयारी दगडी नहरीत झिरपून गोळा होईल आणि केवळ उताराच्या बळावर शहराकडे वाहील, अशी योजना झाली. वाटेत ठरावीक अंतरावर उसासे म्हणजे झरोके ठेवले गेले. त्यांतून नहरीत हवा खेळे आणि गाळ काढायला माणसे उतरू शकत. शहरात पाणी आल्यावर ते मातीच्या पक्क्या भाजलेल्या नळांतून वाटले जाई. जागोजागी उंच चिरेबंदी मनोरे होते; त्यांना बंबे म्हणत. नळातले पाणी दाबाने या मनोऱ्यात वर चढे, त्यात अडकलेली हवा निघून जाई आणि दाब आवरून पाणी पुढच्या नळात उतरे. त्यामुळे मातीचे नळ फुटत नसत आणि उंचावरच्या वस्तीतही पाणी पोहोचे. मशिदी, महाल, बाजार, सराया आणि मोहल्ल्यांतील हौद या पाण्याने भरू लागले.

हे काम १६१७ च्या सुमारास पूर्ण झाल्याचे मानले जाते. ही कल्पना ऐकून दरबारातील काहींनी अंबरची टर उडवली आणि त्याने पंधरा महिन्यांत काम पुरे करून त्यांची तोंडे बंद केली, अशी आख्यायिका शहरात सांगितली जाते.

आणखी एक योगायोग विलक्षण आहे. अंबरचा कट्टर शत्रू खानखानान याचा तळ होता तो तापीकाठच्या बऱ्हाणपुरात. तेथेही याच सुमारास, १६१५ च्या आसपास, सातपुड्याच्या पायथ्याचे भूजल भुयारातून शहरात आणण्याची व्यवस्था झाली. खुनी भंडारा या नावाने ती आजही ओळखली जाते. रणांगणावर एकमेकांच्या जिवावर उठलेले दोन सेनानी आपापल्या शहराला उन्हाळ्यातून वाचवण्यासाठी जमिनीखालच्या एकाच विद्येकडे वळले होते.

जाळलेले शहर, वाचलेली नहर

खडकीच्या भाग्यात स्वास्थ्य नव्हते. निजामशाहीतील सरदारांत फूट पडली. सिंदखेडचे लखुजी जाधवराव यांच्यासह काही बडे सरदार मोगलांना मिळाले. १६१६ च्या आरंभी जालन्याजवळ रोषणगाव येथे अंबरचा मोठा पराभव झाला. खानखानानाचा मुलगा शाहनवाजखान विजयी फौजेनिशी खडकीत शिरला आणि नुकतेच वसलेले शहर आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. पुढच्या वर्षी शाहजादा खुर्रम स्वतः दख्खनवर चालून आला. अंबरला अहमदनगरच्या किल्ल्यासह बराच मुलूख सोडून तह करावा लागला. याच कामगिरीबद्दल खुर्रमला शाहजहान हा किताब मिळाला.

वय सत्तरीच्या घरात आणि हाती राखेचे शहर. या परिस्थितीत दुसऱ्या कुणी हाय खाल्ली असती. अंबरने मात्र शहर पुन्हा उभारले, फौज पुन्हा जमवली आणि १६२० मध्ये तह झुगारून दिला. १६२१ मध्ये शाहजहान पुन्हा आला आणि खडकीचा पुन्हा विध्वंस झाला. महाल पडले, बाजार लुटले गेले, वाडे जळाले. पण जे जमिनीच्या पोटात होते, ते टिकले. आग आणि कुदळ यांच्या तडाख्यातून सुटलेली नहर पुढच्या राजवटींनाही पाणी पाजत राहिली.

भातवडी

अंबरच्या आयुष्यातील सर्वांत मोठा विजय सत्तरी उलटल्यावर आला. १६२४ मध्ये मोगल आणि विजापूरकर यांच्या संयुक्त फौजा त्याच्यावर चालून आल्या. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगरजवळच्या भातवडी गावी अंबरने त्यांना गाठले. येथेही त्याने पाण्यालाच शस्त्र केले. भातवडीच्या तलावाचा बांध फोडला गेला, शत्रूच्या वाटेवर चिखल पसरला आणि जड फौजेची हालचाल खुंटली. रात्रीच्या छाप्यांनी आणि उपासमारीने शत्रू आधीच खचला होता. निर्णायक हल्ल्यात त्याची पुरती दाणादाण उडाली. या लढाईत शहाजीराजे भोसले यांनी पराक्रम गाजवला आणि त्यांचे बंधू शरीफजी यांना वीरमरण आले. पुढे छत्रपती शिवाजी महाराजांनी सह्याद्रीत ज्या युद्धतंत्राला परिपूर्ण रूप दिले, त्याची एक शाळा अंबरच्या छावणीत भरत होती, असे म्हणण्यास जागा आहे.

काळाने आणखी एक उसने फेडून दिले. ज्या शाहजहानने खडकी उद्ध्वस्त केली, त्याने पुढे पित्याविरुद्ध बंड केले. पराभूत होऊन तो दख्खनमध्ये परतला तेव्हा त्याला हात दिला तो अंबरनेच.

शेतकऱ्याचा हिशेब

शहराला पाणी देणारा अंबर खेड्यालाही विसरला नव्हता. सतत युद्ध म्हणजे सतत खर्च. आणि खर्चाचे ओझे शेवटी कुणब्याच्या पाठीवर. त्या काळी गावांचा महसूल मक्त्याने देण्याची रीत होती. मक्तेदार जास्तीत जास्त उकळून मोकळा होई. अंबरने ही मक्तेदारी मोडून काढली. जमिनीची प्रतवारी आणि प्रत्यक्ष पीक पाहून सारा ठरवण्याची पद्धत त्याने आणली. आरंभी उत्पन्नाचा दोनपंचमांश वाटा धान्यरूपाने घेतला जाई. नंतर सुमारे एकतृतीयांश किमतीइतका रोख सारा ठरला. पिकाच्या मानाने सारा घटत-वाढत असल्यामुळे अवर्षणाच्या वर्षी कुणबी देशोधडीला लागण्याचा धोका कमी झाला. ही पद्धत मलिकंबरी धारा या नावाने नंतरच्या काळातही महाराष्ट्रात स्मरणात राहिली. कोरड्या प्रदेशात राज्य टिकवायचे असेल तर वाईट वर्षाचा विचार आधी करावा लागतो, हे सूत्र नहरीत होते तसेच या साऱ्यातही होते.

वैशाखातला निरोप

१६२६ च्या मे महिन्यात, भर उन्हाळ्यात, मलिक अंबरचा मृत्यू झाला. वय सुमारे ऐंशीच्या जवळ होते. अखेरपर्यंत त्याच्या राज्याची सूत्रे त्याच्याच हाती होती. खुलताबादला, जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्यानजीक त्याची कबर आहे. काळ्या पाषाणातील साधी, भक्कम आणि देखणी वास्तू. जवळच त्याची पत्नी बीबी करीमा हिचीही कबर आहे. हयातभर ज्याला शिव्या मिळाल्या, त्या अंबरच्या मृत्यूनंतर मोगल दरबारचा इतिहासकार मोतमदखान याने त्याच्या सेनापतित्वाची आणि राज्यकारभाराची मुक्तकंठाने प्रशंसा केली.

तो गेला आणि निजामशाहीचा कणा मोडला. चार वर्षांतच, १६३० ते १६३२ या काळात, दख्खन आणि गुजरातवर भीषण दुष्काळ कोसळला. गावेच्या गावे ओसाड झाली. अंबरचा मुलगा फत्तेखान याच्या हाती सूत्रे आली, परंतु बापाची धमक त्याच्यात नव्हती. १६३३ मध्ये दौलताबाद पडले. खडकीचे आधी फतेहनगर आणि १६५३ मध्ये औरंगजेबाच्या सुभेदारीत औरंगाबाद झाले. २०२३ पासून शहराचे नाव छत्रपती संभाजीनगर आहे. नावे बदलली, राजवटी बदलल्या. पाण्याची विद्या मात्र पुढे चालत राहिली. अंबरच्या नहरीचा आदर्श समोर ठेवून पुढच्या काळात शहरात आणखी अनेक नहरी झाल्या. त्यांपैकी एका नहरीच्या पाण्यावर अठराव्या शतकात पाणचक्कीचे जाते फिरू लागले. बीबी का मकबऱ्यापुढची चारबाग, हिमायतबागेतील झाडी, मोहल्ल्यामोहल्ल्यांतील कारंजी यांनी या शहराला बागांचे शहर अशी ख्याती मिळवून दिली.

नहर कशाने आटली?

शत्रूच्या आगीतून वाचलेली नहर अखेर दुर्लक्षापुढे हरली. नळाचे पाणी घरात आले तसा बंब्यांकडे पाहणारा कुणी उरला नाही. १९७६ मध्ये पैठणचे जायकवाडी धरण पूर्ण झाले. तेथून पन्नासएक किलोमीटरवरून, चढावर पंपांनी उपसून शहराला पाणी येऊ लागले. शहर वाढत गेले. नहरीच्या वाटेवर घरे झाली, झरोके बुजले, मातीचे नळ रस्त्याच्या खोदकामात फुटले. कूपनलिकांनी डोंगरपायथ्याचे भूजल उपसले आणि ज्या झिरप्यावर नहर जगत होती तोच आटू लागला. अंबरची नहर उताराने वाहत होती. तिला विजेचे देयक नव्हते. धरणाचे पाणी शहरात चढवावे लागते आणि पंप थांबला की नळही थांबतो. धरणात पाणी असूनही नळाला आठ-आठ दिवस पाणी नाही, हा अनुभव या शहराने वर्षानुवर्षे घेतला आहे.

भूतकाळात परत जाता येत नाही. अंबरने ज्या वस्तीसाठी नहर बांधली, तिच्या कितीतरी पट माणसे आज येथे राहतात. केवळ नहरीवर त्यांची तहान भागणार नाही. परंतु बागा, मैदाने, हिरवळी यांना पिण्याचे पाणी घालायचे की शुद्ध केलेले सांडपाणी, उथळ मुळांचे परके गवत लावायचे की उन्हाला दाद न देणारी देशी हरळी, डोंगरावरचा पाऊस वाहून जाऊ द्यायचा की जिरवायचा, हे प्रश्न अंबरच्या काळाइतकेच आजचेही आहेत. त्याचे उत्तर सोपे होते. आधी भूमी वाचायची, मग शहर बांधायचे.

भडकल दरवाजाखालून आज दिवसभर वाहने धावतात. हर्सूलच्या बाजूला नहरीचे अवशेष झुडपांत आणि वस्तीत विखुरलेले आहेत. खुलताबादच्या कबरीभोवती उन्हाळ्यात गवत वाळून सोनेरी होते आणि मृगाची पहिली सर पडताच चार दिवसांत पुन्हा हिरवे होते. गुलाम म्हणून आलेल्या त्या माणसाने हीच भूमी आपली मानली, तिचा उन्हाळा जाणला आणि तिच्या पोटातले पाणी तिच्याच लेकरांपर्यंत पोहोचवले. चार शतकांनंतर, टँकरच्या रांगेत उभ्या असलेल्या शहराला त्याची आठवण उन्हाळ्यातच अधिक प्रकर्षाने व्हावी, हे साहजिकच आहे.